पाच जिनसांचा प्याला

हुगळीच्या पूर्व तीरावर, कलकत्त्याच्या नैर्ऋत्येस सुमारे पंचवीस किलोमीटरांवर बजबज हे गाव वसले आहे. तेलाच्या टाक्या, तागाच्या गिरण्या आणि सियालदहहून येणाऱ्या लोहमार्गाचे शेवटचे स्थानक, एवढीच त्याची ओळख बहुतेकांना असते. इतिहासाची आवड असलेल्यांना आणखी दोन गोष्टी ठाऊक असतात. पाश्चात्त्य देशांतील कार्य आटोपून स्वामी विवेकानंद १८९७ च्या फेब्रुवारीत परतले, तेव्हा आगबोटीतून उतरून ते येथूनच आगगाडीने सियालदहला गेले. आणि २९ सप्टेंबर १९१४ रोजी कॅनडाच्या दारातून परत पाठविलेले 'कोमागाता मारू' जहाजावरील पंजाबी उतारू येथे उतरले. सरकारने त्यांना सक्तीने पंजाबकडे रवाना करू पाहिले, तंटा झाला, गोळीबार झाला आणि अनेकांनी येथे प्राण सोडले. त्यांचे स्मारक येथे उभे आहे.

या दोन गंभीर घटनांच्या पंक्तीस तिसरी एक घटना बसविणे काहीसे अप्रशस्त वाटेल, कारण तिचा नायक एक दारू प्यालेला खलाशी आहे. तथापि प्रस्तुत लेखाचा विषयच पेयांचा इतिहास हा असल्यामुळे त्याच्यापासून प्रारंभ करण्यावाचून गत्यंतर नाही. शिवाय समुद्रावरून कलकत्त्यास जाणारे प्रत्येक गलबत बजबजवरून जाई. जे जे मद्य, जे जे फळ, जो जो मसाला जलमार्गाने बंगालच्या राजधानीत शिरला, तो या घाटासमोरूनच पुढे गेला. तेव्हा मेक्सिकोतील एका तिखट पेयाची चर्चा बजबजच्या निमित्ताने करावी, यात वाटते तेवढे विचित्र काही नाही.

सन १७५६ च्या जूनमध्ये सिराजउद्दौल्याने कलकत्ता घेतले. ते परत मिळविण्यासाठी अ‍ॅडमिरल वॉटसन आणि कर्नल क्लाइव्ह हे मद्रासहून ऑक्टोबरात निघाले आणि डिसेंबरात हुगळीच्या मुखाशी फलता येथे येऊन पोहोचले. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे. हेच वॉटसन, हेच क्लाइव्ह आणि 'केंट' हेच निशाणाचे जहाज त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत आपल्या विजयदुर्गासमोर उभे होते. पेशव्यांशी संगनमत करून इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळले व १३ फेब्रुवारीस किल्ला घेतला. कोकणच्या किनाऱ्यावर ज्या तोफा धडाडल्या, त्याच साडेदहा महिन्यांनी बजबजच्या मातीच्या तटावर धडाडल्या. बंगालच्या पारतंत्र्याची वाट विजयदुर्गावरून आली आणि ती मोकळी करून देण्यात आपलाही हात होता, ही गोष्ट सुखाची नाही. परंतु ती खरी आहे.

२९ डिसेंबर रोजी क्लाइव्ह रात्रभर चालून थकलेल्या फौजेनिशी किल्ल्याजवळ विसावला असता नवाबाचा सुभेदार माणिकचंद याने त्याच्यावर अचानक घाला घातला. चकमक निकराची झाली. माणिकचंदाच्या पागोट्याजवळून गोळी गेली, तेव्हा तो मागे फिरला. इकडे नदीतून जहाजांच्या तोफांनी किल्ल्याच्या तटाला खिंडार पाडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी हल्ला चढवावा, असे ठरले आणि लोक विश्रांतीला गेले.

'केंट' जहाजावरील स्ट्रॅहन नावाच्या खलाशाला मात्र झोप आली नाही. त्याला नुकताच ग्रॉगचा भरपूर वाटा मिळाला होता. रात्रीच्या अंधारात तो एकटाच डुलत डुलत तटाखाली गेला, खिंडारातून वर चढला, तेथील पहारेकऱ्यांवर पिस्तूल झाडले, तलवार परजली आणि तीन वेळा जयघोष करून किल्ला आपण घेतल्याचे त्याने जाहीर केले. पहारेकरी त्याच्यावर तुटून पडले. त्याच्या तलवारीचे पाते मोडले. इतक्यात आरोळी ऐकून दोनतीन सोबती धावून आले, त्यांच्यामागून आणखी लोक आले, आणि किल्ला खरोखरच हाती पडला. आतील बहुतेक शिबंदी आधीच गुपचूप निघून गेली होती. ही हकीकत 'केंट' जहाजावरील शल्यवैद्य एडवर्ड आयव्ह्ज याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेविली आहे.

सकाळी वॉटसनने स्ट्रॅहनला समोर बोलावून जाब विचारला. हुकमावाचून केलेल्या या पराक्रमाने केवढा अनर्थ ओढवला असता, हे त्याने खलाशाला ऐकविले आणि शिक्षेची तंबी देऊन परत पाठविले. स्ट्रॅहन बाहेर पडता पडता पुटपुटला की, या कामगिरीबद्दल फटके बसणार असतील, तर जन्मात पुन्हा एकट्याने किल्ला घेणार नाही! आयव्ह्जच्या वाचकांना गेली अडीचशे वर्षे या वाक्यावर हसू येत आले आहे. परंतु त्याच रात्रीच्या गोंधळात कॅप्टन कॅम्बेल हा कंपनीचा अधिकारी आपल्याच माणसाच्या गोळीने ठार झाला. ही गोष्ट हसणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. कचेरीत आयुष्य काढलेल्या वाचकाला या प्रसंगात आणखीही एक ओळखीची रीत दिसेल. दारू वाटली ती सरकारने. किल्ला गेला तो सरकारच्या पदरात. अपराध तेवढा खलाशाचा.

आता हे ग्रॉग म्हणजे काय? इंग्रजी आरमारात खलाशाचे मूळ पेय बिअर होते, आणि तेही दिवसाला एक गॅलन. पिंपातले पाणी आठवडाभरात हिरवे पडे, म्हणून बिअर. परंतु उष्ण समुद्रात बिअरही आंबून जाई. म्हणून १७३१ च्या नियमांनी एक गॅलन बिअरऐवजी अर्धा पाइंट कडक दारू देण्यास मुभा दिली. अर्धा पाइंट रम एका दमात पोटात गेल्यावर जहाजावर काय धुमाकूळ माजत असेल, याची कल्पना करावी. तेव्हा अ‍ॅडमिरल व्हर्नन याने १७४० च्या ऑगस्टमध्ये हुकूम काढला की, रममध्ये चौपट पाणी घालून ती दिवसातून दोन वेळा वाटावी, आणि ज्यांना ती बेचव वाटेल त्यांनी आपल्या पैशाने लिंबू व साखर घेऊन त्यात मिसळावी. व्हर्नन 'ग्रोग्रॅम' नावाच्या जाड कापडाचा झगा वापरी. त्यावरून खलाशांनी त्याचे नाव त्या पातळ दारूला दिले.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पाणी घातले ते चवीसाठी नव्हे, शिस्तीसाठी. लिंबू आले ते त्या पाण्याने गेलेली चव परत आणण्यासाठी. आणि पुढे त्या लिंबाचा उपयोग निराळाच निघाला. १७४७ साली जेम्स लिंड या शल्यवैद्याने 'सॉल्झबरी' जहाजावर स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. ज्या दोघांना संत्री-लिंबे मिळाली ते सर्वांत आधी उठून बसले. तेच 'सॉल्झबरी' जहाज १७५६ साली वॉटसनच्या ताफ्यात होते. तरीही सर्व आरमाराला लिंबाचा रस देण्यास सरकारला १७९५ साल उजाडावे लागले. कागदावरून कृतीपर्यंतचे अंतर त्या काळीही आजच्यासारखेच होते.

मद्यात लिंबू-साखर घालण्याची ही युक्ती व्हर्ननची नव्हे. शंभर वर्षांपूर्वीपासून ती हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर रूढ होती. 'पंच' हे पेयाचे नाव इंग्रजीत प्रथम आढळते ते १६३२ सालच्या, चोलमंडल किनाऱ्यावरील कंपनीच्या एका नोकराच्या पत्रात. १६३८ साली मँडेलस्लो या जर्मन प्रवाशाने सुरतेच्या वखारीत तशाच पेयाची नोंद केली आहे. मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर हे त्याचे जिन्नस. फ्रेंच वैद्य बर्निए याने १६६० नंतरच्या दशकात बंगाल पाहिला. काळ्या गुळापासून काढलेला अर्क, लिंबाचा रस, पाणी आणि किसलेले जायफळ यांचे मिश्रण इंग्रज-डच लोक तेथे पितात, ते चवीला गोड पण प्रकृतीला घातक आहे, असे त्याचे मत पडले. बंगालमध्ये गोऱ्या लोकांचे मरण फार, त्याचा ठपका त्याने बव्हंशी या प्याल्यावर ठेविला.

मराठी माणसाला विशेष रस वाटावा असा साक्षीदार म्हणजे जॉन फ्रायर. हा डॉक्टर १६७० नंतरच्या दशकात मुंबई, सुरत आणि गोव्याकडे फिरला. शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमाराचा काळ त्याने मुंबईत काढला आणि जुन्नरपर्यंत तो चढून गेला होता. गोव्याजवळच्या नेरुळच्या माडाच्या दारूची तो वाखाणणी करतो आणि सांगतो की, या दारूपासून इंग्रज जे पेय करतात त्याला पाच जिनसांवरून 'पंच' म्हणतात, कारण हिंदुस्थानी भाषेत पाच या संख्येचे ते नाव आहे. दारू, पाणी, साखर, लिंबू आणि मसाला. कोशकार या व्युत्पत्तीकडे साशंकतेने पाहतात. कोणी ती 'पंचन' नावाच्या पिंपाकडे नेतात, तर त्या काळी इंग्रज तो शब्द 'पुंच' असा उच्चारत असावेत अशी शंका कोणी काढतात. शिवाय सर्वांत जुन्या वर्णनांत जिन्नस पाचच असतात असेही नाही. तेव्हा 'पंच' शब्द आपला, असे छातीठोकपणे सांगू नये. पेय मात्र आपल्या किनाऱ्यावर जन्मले, यात संशय नाही.

ते येथेच का जन्मावे? कडक, उग्र वासाचा अर्क घशाखाली उतरत नव्हता, हे एक कारण. दुसरे असे की, आंबट, गोड, खारट आणि मसालेदार एकत्र करून पाणी पिण्याची रीत या देशात फार जुनी होती. पानक हा संस्कृत वैद्यकातला शब्द आपल्या घरात पन्हे होऊन चैत्रात अजूनही भेटतो. परदेशी माणसाने आपल्या मद्याचा दोष झाकण्यासाठी शेजारच्या स्वयंपाकघराकडे पाहिले, एवढाच याचा अर्थ. कलकत्त्यात पुढे लालबाजाराच्या आसपास खलाशांसाठी 'पंच-घरे' निघाली आणि शहराच्या पोलिसांना कायमचे काम मिळाले.

बिअरची हकीकत याहून निराळी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या पूर्वेस, कंपनीच्या गोदीजवळ हॉजसन नावाचा एक दारूभट्टीवाला होता. तो कंपनीच्या कप्तानांना उधारीवर बिअर देई. चारसहा महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडणे आणि त्यानंतर बंगालचा उन्हाळा, इतके सोसून टिकेल अशी बिअर हवी होती. हॉप नावाच्या वेलीची कडू फुले भरपूर घातली की बिअर नासत नाही, हे तेथे पूर्वीच ठाऊक होते. हॉजसनने नवा शोध लावला नाही, पण कडू बिअरचे बाजार त्याने हिंदुस्थानात उभे केले. १८२२ नंतर बर्टन गावच्या व्यापाऱ्यांनी त्यात उडी घेतली आणि 'इंडिया पेल एल' हे नाव जगभर झाले. टिकावी म्हणून जो कडवटपणा आला, तोच पुढे गुण ठरला आणि आता जो तो त्यासाठी अधिक पैसे मोजतो.

कलकत्त्यात ती बिअर थंड करण्याचे काम आबदाराचे. बिहारातून गंगेने येणारा सोरा पाण्यात विरघळवला की पाणी गार होते. त्या पाण्यात बाटल्या फिरवीत बसावयाचे, हीच त्याची चाकरी. मग १८३३ च्या सप्टेंबरात 'टस्कनी' हे जहाज अमेरिकेतील बोस्टनहून तळ्यातले बर्फ घेऊन हुगळीत शिरले. निघताना एकशे ऐंशी टन होते, चार महिन्यांनंतर पोहोचताना सुमारे शंभर टन उरले होते. बजबजच्या घाटावरून पाहणाऱ्या कोणाला त्या जहाजाच्या पोटात काय आहे, हे सांगितले असते तरी खरे वाटले नसते. कलकत्त्याच्या बड्या लोकांनी वर्गणी काढून बर्फघर बांधले, आणि आबदाराची विद्या हळूहळू निरुपयोगी झाली.

येथून आपण पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, मेक्सिकोत जाऊ. त्या देशात हल्ली 'मिचेलादा' नावाचे पेय लोकप्रिय आहे. पेल्याच्या काठावर लिंबू फिरवून तो मीठ आणि तिखटाच्या मिश्रणात बुडवितात. आत बर्फ, एका लिंबाचा रस, तिखट रस्सा, वूस्टर सॉसचे काही थेंब आणि मग थंड बिअर ओततात. काही ठिकाणी त्यात टोमॅटोचा रस निम्म्यापर्यंत घालतात. नुसते लिंबू-मीठ असेल तर 'चेलादा', तिखट व सॉस असेल तर 'मिचेलादा'. पण एका गावचे नाव दुसऱ्या गावी चालेलच असे नाही. टोमॅटोच्या रसात तिसऱ्यांच्या जातीच्या शिंपल्यांचा अर्क मिसळून बाटलीत भरण्याची कल्पना १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील एका कंपनीने काढली, आणि तोच 'क्लॅमॅटो' आता मेक्सिकोत या पेयाचा जणू पाया झाला आहे. शाकाहारी वाचकांनी हे लक्षात ठेवावे.

एका स्नेह्याच्या घरी, येथेच बजबजला, साध्या टोमॅटोच्या रसाचा हा प्रकार चाखण्याचा योग आला. प्रथम ओठांना मीठ व तिखट लागते. मग लिंबाचा आंबटपणा, मग टोमॅटोची दाट गोडसर चव, आणि सर्वांत शेवटी बिअरचा कडवटपणा जिभेच्या मुळाशी राहतो. पहिला घोट मनाला पटत नाही. तिसऱ्या घोटाला आपण तो कशाशी तरी ताडून पाहू लागतो. आमच्या यजमानीणबाईंनी बिअर घालण्यापूर्वीचा रस चमचाभर चाखून पाहिला आणि त्या म्हणाल्या, "अहो, हे तर गार केलेलं टोमॅटोचं सार! फोडणी तेवढी राहिली." या एका वाक्यात त्या पेयाचे वर्म आले आहे.

या पेयाचा जन्म कोठला? सान लुइस पोतोसी या शहरात मिशेल एस्पर नावाचे एक गृहस्थ क्लबात बसून लिंबू, मीठ व तिखट घातलेली बिअर मागवीत, म्हणून 'मिशेलची लिंबूसरबती' या अर्थी हे नाव पडले, अशी एक कथा आहे. 'चेला' हा बिअरला तेथला बोलभाषेतला शब्द, तेव्हा 'माझी गार बिअर' या तीन शब्दांचा तो संक्षेप आहे, अशी दुसरी. दोन्ही कथा चविष्ट आहेत आणि दोहोंनाही पक्का पुरावा नाही. उपयोग मात्र निर्विवाद आहे. रात्रीच्या अतिरेकानंतर सकाळी डोके जड झाले की मेक्सिकोचा माणूस ते उताऱ्यासाठी घेतो. 'उतारा' या मराठी शब्दाइतका नेमका शब्द त्यासाठी दुसरा सापडणे कठीण. मीठ, आंबट, तिखट हे सारे पोट ठिकाणावर आणण्यासाठी घातले गेले. त्याने वैद्यकीय गुण येतो असे कोणी मानू नये. दारूवर दारू हा उतारा नव्हे.

तेथील बिअर देशी नव्हे. मेक्सिकोचे मूळ मद्य म्हणजे मॅगे नावाच्या घायपाताच्या जातीच्या झाडाचे पुल्के. अ‍ॅझ्टेक राज्यात दारूबाजीवर कडक निर्बंध होते. स्पॅनिश विजयानंतर चितारलेल्या एका पोथीत सत्तरी ओलांडलेल्या वृद्धांना पिण्याची मोकळीक दाखविली आहे. तरुणांना मात्र देहान्ताची भीती होती. स्पेनच्या बादशहाने बिअरच्या भट्टीस परवाना दिला तो १५४० नंतरच्या दशकात. तथापि बिअर सार्वत्रिक झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जर्मन कारागीर, आगगाडी आणि बर्फाची यंत्रे आल्यावर. मॉन्टेरे येथे मोठी भट्टी निघाली १८९० साली. आज जगात बिअरची सर्वाधिक निर्यात करणारा देश मेक्सिको आहे. परक्याचे पेय आपल्या मिठातिखटाने आपलेसे करून घेणे, हा प्रकार तेथे अलीकडचाच आहे.

आता या प्याल्यातील एकेक जिन्नस उचलून त्याचा गाव विचारू. टोमॅटो आणि मिरची ही दोन्ही अमेरिका खंडाची. मेक्सिकोच्या नाउआत्ल भाषेतील 'तोमात्ल' आणि 'चिल्ली' हेच शब्द इंग्रजीत उतरले. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतले आणि त्यानंतर मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. आपण तिला नवे नाव दिले नाही. मिरीची ती मिरची, एवढ्यावर भागविले. मुंबईकडे एके काळी तिला 'गोवाई मिरची' म्हणत. बंगाली माणूस तिला 'लंका' म्हणतो, म्हणजे समुद्रापलीकडून आलेली. टोमॅटो आला फार उशिरा, गोऱ्या साहेबांच्या बागेतून. बंगालीत तो 'बिलिती बेगुन' म्हणजे विलायती वांगे. आपल्याकडे जुन्या पिढीच्या तोंडी वेलवांगे, विदर्भात भेदरे. ज्ञानेश्वरांच्या महाराष्ट्रात मिरचीही नव्हती आणि टोमॅटोही नव्हता. आज ठेचा आणि सार यांच्याशिवाय मराठी पान वाढता येत नाही.

उलट दिशेने गेलेले जिन्नसही याच प्याल्यात आहेत. लिंबू आणि ऊस ही आशियाची देणगी. लिंबूवर्गीय झाडे व ऊस कोलंबसाच्या १४९३ सालच्या दुसऱ्या सफरीतून अमेरिकेत पोहोचले. चिंच आफ्रिकेची मूळची खरी, परंतु अरबांना ती हिंदुस्थानातून मिळाली म्हणून त्यांनी तिला 'तमर-ए-हिंद', हिंदचा खजूर म्हटले. त्यावरून 'टॅमरिंड' झाले आणि मेक्सिकोत 'तामारिंदो'. आज मेक्सिकोत तिची सरबते आणि तिखटमिठाच्या गोळ्या घरोघर असतात. मिचेलादाच्या पेल्याच्या काठावरही पुष्कळदा चिंचेचा लेप असतो.

वूस्टर सॉसची कथा तर आपल्याला अगदी घराजवळ आणून सोडते. ली आणि पेरिन्स या दोघा औषधविक्यांनी तो इंग्लंडातील वूस्टर गावी १८३७ साली बाजारात आणला. शिरका, काकवी, खारविलेले बारीक मासे, मसाले आणि चिंच यांचा तो आंबविलेला रस. त्याच्या जन्माची दंतकथा अशी की, बंगालचा गव्हर्नर राहून परतलेल्या एका लॉर्डसाहेबाने तेथील पाककृती त्यांना करावयास दिली. ती बिघडली म्हणून तळघरात टाकून दिली, आणि काही काळाने पाहतात तो अमृत! बंगालच्या गव्हर्नरांच्या यादीत मात्र त्या नावाचा कोणीही नाही. गव्हर्नर खोटा, परंतु चिंच खरी. मेक्सिकोचा माणूस त्याला 'इंग्रजी सॉस' म्हणतो, आणि त्या इंग्रजी सॉसमधून त्याच्या बिअरमध्ये आपली चिंच उतरते.

मग हे पेय आपल्याकडे कधी झालेच नाही काय? झाले आहे, आणि त्यासाठी मेक्सिकोची वाट पाहावी लागली नाही. गोव्यात काजूच्या हंगामात, फाल्गुन ते वैशाखाच्या सुमारास, बोंडांच्या रसाची पहिली धार निघते. तिचे नाव हुर्राक. हे नाव 'अरक' या अरबी शब्दाच्याच कुळातले आहे. तीच दारू पुन्हा भट्टीला लावली की फेणी होते. हुर्राक सौम्य असते आणि फार दिवस टिकत नाही. गोमंतकीय माणूस ती लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि अलीकडे लिंबाचा सोडा घालून पितो. काजू ब्राझीलचा, मिरची मेक्सिकोची, नाव अरबी, लिंबू आशियाचे. आणि ही हुर्राक गोमंतकाच्या बाहेर करून पाहिली तर कोणाला ती गोव्याची वाटत नाही! फ्रायर ज्या नेरुळची दारू वाखाणतो, ते नेरुळ याच बारदेशात आहे.

या सर्वांतून एक सूत्र दिसते. मिश्रण बहुधा गरजेपोटी होते. उग्र अर्क गिळता यावा म्हणून पंच झाले. खलाशी आटोक्यात राहावा म्हणून ग्रॉग झाले. जहाजात नासू नये म्हणून बिअर कडू झाली. डोके उतरावे म्हणून ती तिखट झाली. गरज संपते, पिंपातले पाणी स्वच्छ होते, आगबोट तीन आठवड्यांत पोहोचते, घरोघर शीतपेटी येते. चव मात्र मागे राहते आणि पुढच्या पिढीला ती परंपरा वाटू लागते. ज्याला आपण एखाद्या प्रांताचा अस्सल स्वाद म्हणतो, तो पुष्कळदा कोणत्या तरी जुन्या अडचणीची आठवण असतो.

परप्रांतात बदलीवर आलेल्या मराठी कुटुंबांत हा प्रश्न ऐतिहासिक राहत नाही. मुले घरी आमटीत पाँचफोडण मागतात, टोमॅटोच्या चटणीत बंगाली रीतीने खजूर आणि आमसत्त्व घालावे म्हणून हट्ट धरतात. आजी सुटीत येते आणि "ही काय आपली चव?" असे विचारते. तिचा प्रश्न रास्त आहे. चव गमावली की तिच्याबरोबर काही शब्द, काही सण आणि काही माणसेही दूर जातात. परंतु ज्या आमटीचा कैवार ती घेते, तिच्यातली मिरची एकेकाळी पोर्तुगीज गलबतातून उतरली होती. तिच्या पणजीच्या पणजीनेही बहुधा कोणाला तरी हाच प्रश्न विचारला असेल. मोडते ते घर नव्हे. घरात काय आले आणि कशासाठी आले, याची आठवण ज्या दिवशी कोणी ठेवीत नाही, त्या दिवशी खरे नुकसान होते.

दारूचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात जी दारूबंदी आली, तिच्यामागे उद्ध्वस्त घरांचा अनुभव होता, आणि बर्निएचा बंगालविषयीचा इशाराही खोटा नव्हता. आमच्या यजमानीणबाईंनी त्या संध्याकाळी उरलेल्या टोमॅटोच्या रसाला जिरे-कढीलिंबाची फोडणी दिली आणि गूळ घालून तो जेवणात वाढला, तो सर्वांनाच अधिक आवडला, हेही नमूद केले पाहिजे.

आणि स्ट्रॅहनचे काय झाले? त्याला फटके बसले नाहीत. बजबजचा किल्ला घेणारा हा माणूस पुढेही आरमारातच राहिला. आयव्ह्जने आपले पुस्तक १७७३ साली प्रसिद्ध केले. त्यात तो लिहितो की, या शूर माणसाची एकच महत्त्वाकांक्षा होती. त्याला एखाद्या मोठ्या लढाऊ जहाजावर आचारी व्हावयाचे होते.